सतरा किल्ल्या आणि चार भुतं

जुडगेकाका येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. कमरेच्या पट्ट्याला सतरा किल्ल्यांचा जुडगा लटकलेला, आणि तो पावलागणिक डाव्या मांडीवर आपटायचा. चौतीस वर्षांत त्या एकाच जागी त्यांच्या किती पँटी विरल्या हे त्यांच्या बायकोला विचारावं. ती शिवणकाम करायची. ठिगळ ती सुबक लावायची. लावताना जे बोलायची ते तेवढं सुबक नसायचं.

कागदावर काका व्याकरणशाळेचे शिपाई होते. कागदाबाहेर ते घंटा द्यायचे, नळ दुरुस्त करायचे, चिमण्यांना वर्गाबाहेर आणि पोरांना वर्गात घालायचे. शाळेला व्याकरणशाळा म्हणत, कारण दोनशे वर्षांपूर्वी ती सुरू झाली तेव्हा तिथे दुसरं काही शिकवतच नसत. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ती बांधली. त्याचा मुलगा परगावी गेला आणि तिकडून त्याने बापाला लांबलचक पत्र लिहिलं. ते तीनदा वाचूनही मुलगा सुखात आहे की संकटात, हे बापाला कळेना. त्या रागात त्याने शाळेचा पाया खणायला घेतला. मुलगा सुखातच होता असं पुढे कळलं, पण तोवर भिंती छताला टेकल्या होत्या.

खाली दगड आणि वर लाकूड, अशी ती इमारत. दगडाचं काही बिघडलं नव्हतं. लाकूड मात्र माणसासारखं असतं, ओल धरली की आतून खचतं आणि वरून काही बोलत नाही. उत्तरेच्या बाजूला मनोऱ्याच्या खोलीकडे जाणारा एकवीस पायऱ्यांचा जिना होता. त्याच्यावरचं छप्पर कधीकाळी बरीच वर्षं गळत राहिलं. छप्पर पुढे दुरुस्त झालं, पण जिन्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. वरून तो अजूनही चकचकीत दिसायचा. कठडा कोरीव, पायऱ्या रुंद, एखादी शाही मिरवणूक उतरून यावी असा थाट. बोटाने दाबलं तर चौथ्या पायरीपुढे मात्र तो शिळ्या पावासारखा आत जायचा. पायथ्याशी कुलपाचं जाळीचं दार होतं, पण ते पोरांना सहज ओलांडता येईल एवढंच उंच.

काका नोकरीला लागले तेव्हा आधीचा शिपाई निवृत्त होत होता. वाळलेला, वाकलेला म्हातारा; बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता कुलपाकडे बघायचा. त्याने एकेक किल्ली घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तशी काकांच्या हातात दिली. ही कोठाराची, हट्टी आहे, जरा वर उचलून फिरवायची. ही ग्रंथालयाची, हिला घाई चालत नाही. सतरा झाल्या. काका चार्ज घेतल्याची सही करायला वाकले, तर म्हाताऱ्याने वहीवर हात ठेवला.

"थांब. अजून चार आहेत."

"किल्ल्या?"

"भुतं."

काका हसले. म्हातारा हसला नाही. त्याने त्यांना आवारभर फिरवलं आणि चारही भुतांच्या जागा दाखवल्या. मागच्या विहिरीत एक बाई होती. तिच्या पाण्यात वाकून बघितलं की ती आपला चेहरा ठेवून घेते आणि आपल्याला तिचा देते. प्रयोगशाळेमागच्या तेजाबाच्या खोलीत निळ्या हातांचा एक मदतनीस होता. सैल कौलांच्या छपरावर एक चेंडूवाला होता. वर गेलेला चेंडू त्याचा, आणि चेंडूमागून गेलेलं पोरही त्याचंच. आणि जिन्यावर होते पायरीवाले मास्तर, शाळेचे पहिले मास्तर. ते सातव्या पायरीवर उभे असतात. वर जाणाऱ्याला एवढंच विचारतात, "कुठे निघालास?" उत्तर काहीही दिलं तरी ते चूक असतं, आणि उत्तर चुकलेल्याला ते वर्गात बसवून घेतात. तो वर्ग सुटत नाही.

काकांनी विचारलं, की हे सगळं कुणी पाहिलंय. म्हातारा म्हणाला, पाहिलं कुणी नाही, नेमलंय. जिना खचतोय म्हणून त्याने संस्थेला अर्ज केला होता. उत्तर आलं नाही. दुसरा केला, तिसरा केला. चौथ्या वर्षी त्याने अर्ज केला आणि त्याच दिवशी मास्तरांना सातव्या पायरीवर उभं केलं. अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं. मास्तर मात्र त्या दिवसापासून एक दिवसही गैरहजर नव्हते.

मग त्याने कामाचे नेम सांगितले. भुताचा चेहरा कधी सांगायचा नाही. चेहरा पोरं आपापला करून घेतात आणि तो आपल्या चेहऱ्यापेक्षा भारी असतो. भुताने कुणाला मारायचं नाही, फक्त अडवायचं. भुताने जागा सोडायची नाही. आणि त्याची निगा ठेवायची, कारण निगा नसली तर कुलूप गंजतं तसं भूतही गंजतं. एवढं सांगून झाल्यावर म्हाताऱ्याने वहीवरचा हात काढला आणि काकांनी सही केली.

काकांनी निगा ठेवली. सोमवारी पहिल्या घंटेआधी ते जळमटं काढायचा लांब बांबू घ्यायचे. त्याच्या टोकाला डब्याचं पत्र्याचं झाकण ठोकलेलं होतं. त्या झाकणावर खडूचा एक तुकडा ठेवून, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून, जीभ दाताखाली धरून, ते तो तुकडा सातव्या पायरीवर अलगद उतरवायचे. सकाळी पोरांना जाळीच्या दारातून खडू दिसायचा. सातवी पायरी मागच्या बाजूला कललेली होती आणि तिच्या मागे बोटभर फट पडली होती. वर्गांच्या धावपळीने इमारत हादरायची, खडू सरकत सरकत फटीत जायचा, आणि संध्याकाळी पायरी रिकामी असायची. मास्तर येऊन खडू घेऊन गेले, हे पोरांना वेगळं सांगावं लागत नसे.

काळ बदलला तशी काकांनी भुतांची व्यवस्थाही बदलली. विहिरीवर लोखंडी जाळी बसली तेव्हा तिथली बाई बिनकामाची झाली. त्याच वर्षी मागच्या व्हरांड्यात विजेची नवी पेटी आली आणि पोरं तिच्या दाराशी झोंबायला लागली. काकांनी विचार केला आणि बाईची तिथे बदली केली. जागा न सोडण्याचा नेम त्यांनी तेवढा एकदाच मोडला. पाचवीतल्या एका शहाण्या मुलीने शंका काढली, की पाण्यातली बाई विजेच्या पेटीत कशी. काका म्हणाले, पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं ते विज्ञानाच्या बाईंना विचार. तिने विचारलं. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर आकृती काढून नीट समजावलं. त्यानंतर त्या पेटीकडे कुणी फिरकलं नाही. भुताच्या मागे विज्ञान उभं करण्याची काकांची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या दिवशी ते घरी छाती काढून गेले.

दर वर्षी शाळा सुरू होताना काका जिन्याचा अर्जही करत. म्हाताऱ्याचे अकरा आणि काकांचे चौतीस. अर्जांची फाईल जाड होत गेली आणि जिना पातळ. पण चौतीस वर्षांत त्या शाळेत एकाही पोराचं हाड मोडलं नाही. मैदानावर मोडलं असेल, भांडणात मोडलं असेल. इमारतीने मात्र कुणाचं मोडलं नव्हतं. काकांचा सगळा अभिमान या एका गोष्टीवर उभा होता. निवृत्तीला महिना उरला होता आणि ही पाटी कोरी ठेवून त्यांना घरी जायचं होतं. त्याहून जास्त काही ते मागत नव्हते.

आणि नेमक्या त्याच महिन्यात शाळेला दोनशे वर्षं पूर्ण झाली.

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या दोनच वर्षांपूर्वी आल्या होत्या. चांगल्या मनाच्या, भराभर चालणाऱ्या, भराभर निर्णय घेणाऱ्या. त्यांनी इतिहासाच्या सरांना शाळेचा इतिहास लिहायला सांगितलं. सर तरुण होते, काटक होते, आणि जुना कागद दिसला की त्यांना भूक लागत नसे. कागद संपले तेव्हा ते वही घेऊन काकांच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, काका, शाळेतल्या भुतांबद्दल तुम्हाला काही माहीत आहे का.

इथे काकांची चूक झाली. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण चौतीस वर्षं ज्या कारागिराने आपली कारागिरी कुणाला दाखवली नाही, त्याला एक दिवस कुणी प्रेमाने विचारलं तर तो काय करणार. काका बोलत सुटले. विहिरीचं पाणी किती काळं ते सांगितलं, निळ्या हातांची नखं सोडून बाकी सगळं सांगितलं, आणि मास्तरांवर आले तेव्हा त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. शेवटचा शब्द त्यांनी सांगितलाच नाही, नुसती खिडकीबाहेर नजर टाकली. सरांच्या हातातला चहा निवला. काका घरी आले ते गुणगुणत. बायकोने मशीन थांबवून विचारलं, की आज कुणाला गंडवून आलात.

चार दिवसांनी सूचना फलकावर कागद लागला. समारंभाच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांसाठी भूतफेरी. विहीर, प्रयोगशाळा, छप्पर खालून, आणि शेवटी पायरीवाल्या मास्तरांचा जिना. चाळीस-चाळीस जणांचे गट जिना चढून मनोऱ्याच्या खोलीत जातील, आणि तिथे चहाची सोय आहे.

काकांनी तो कागद दोनदा वाचला. चाळीस माणसं, आणि तीही लहान पोरं नव्हेत, खाऊन पिऊन पन्नाशीला आलेली. आणि वर चहाची मोठी किटली. ते तसेच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी सगळं कबूल केलं. मास्तर खोटे आहेत, आधीच्या शिपायाने नेमले, आपण सांभाळले, जिना कुजलेला आहे. मोठ्या बाईंनी लेखणी खाली ठेवून ऐकलं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे ओलावले. त्या म्हणाल्या, काका, तुमची माया कळते मला. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी चारचौघांत उघडी व्हावी असं तुम्हाला वाटत नाही. पण घाबरू नका, आम्ही मास्तरांचा मान ठेवू.

काकांनी पुन्हा सांगितलं, की मान नको, जिना ठेवा बंद. फाईलही आणून दाखवली. बाई म्हणाल्या, समारंभ झाला की निवांत वाचते.

सरांकडे गेले तर तिथे वेगळीच तऱ्हा. सरांना जुन्या कागदांत पहिल्या मास्तरांचा राजीनामा सापडला होता. मास्तरांनी नवव्या वर्षी नोकरी सोडली आणि ते सासऱ्याच्या गावी मधमाश्या पाळायला गेले, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तिथे ते पुष्कळ वर्षं जगले. काकांचा जीव भांड्यात पडला. मास्तर जिन्यावर मेले नाहीत हे आता खुद्द इतिहासानेच सांगितलं होतं.

सर म्हणाले, "तेच तर ना काका. एवढी मानाची नोकरी सोडून मधमाश्या पाळायला कोणी जातं का? काहीतरी दडवलंय."

त्याच दुपारी सर मोजपट्टी घेऊन, जाळीचं दार ओलांडून, जिन्याचं माप घ्यायला गेले. काका मागून धावले. जुडगा मांडीवर एवढा आपटत होता की दोन वर्गांतली पोरं बाहेर डोकावली. काका पोचेपर्यंत सर चौथ्या पायरीवर होते. पाचवीवर त्यांनी उजवा पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. सर तिथेच थिजले. लाकडाचा भुसा खाली सांडत होता. काकांनी त्यांना दोन्ही काखांत धरून मागे ओढलं. पाय आला, बूट आला नाही.

काकांना वाटलं, चला, एका बुटावर भागलं, आता तरी डोळे उघडतील. सर पायथ्याशी एका पायात मोजा घालून बसले होते. चेहरा पांढरा पडलेला, पण त्यावर एक विलक्षण आनंद पसरत चालला होता. ते हळूच म्हणाले, "त्यांनी माझा पाय धरला."

संध्याकाळपर्यंत ही बातमी शाळाभर झाली आणि दुसऱ्या दिवशी गावभर. साठ माजी विद्यार्थ्यांनी भूतफेरीत नाव नोंदवलं होतं, ते दोनशेवर गेले. फलकावरच्या कागदाखाली सरांनी एक ओळ वाढवली, की पाचव्या पायरीवर प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर पाय ठेवावा. ती वाचून लोकांचा उत्साह आणखी वाढला.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. बायको कपड्याला काज करत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं. सांगण्यासारखं दुसरं कुणी त्यांना नव्हतं, आणि तिला भुतांचं सगळं पहिल्यापासून माहीत होतं. विहिरीतल्या बाईच्या बदलीचा सल्ला मुळात तिचाच होता.

ती म्हणाली, "खरं सांगून झालं?"

"झालं."

"कुणी ऐकलं?"

"भूत सांगितलं तेव्हा ऐकलं. खरं सांगितलं तेव्हा रडले."

तिने दोरा दाताने तोडला. म्हणाली, की पोरं भुताला भितात म्हणून तुम्ही पोरांसाठी भूत नेमलंत. ही मोठी माणसं आहेत. ती भुताकडे पळत सुटतात. ती कशापासून लांब पळतात ते बघा, आणि ते नेमा. एवढं म्हणून तिने दिवा आपल्याकडे ओढला आणि पुढचं काज घेतलं.

काका विचार करत बसले. चौतीस वर्षांत शाळेतली मोठी माणसं त्यांनी कशाला घाबरताना पाहिली होती? पालीला भितात, पण पाल नेमता येत नाही. मग त्यांना कोठारातला मोठा पृथ्वीगोल आठवला. पूर्वी तो गोल प्रत्येक वर्गात फिरायचा, सगळे शिक्षक हक्काने न्यायचे. एकदा त्याचा आस वाकला आणि कुणी वाकवला हे कळेना, तेव्हा काकांनी कोठाराच्या दाराशी एक वही टांगली. गोल नेणाऱ्याने नाव लिहावं, गोल सुस्थितीत असल्याची खात्री करावी आणि सही करावी. त्या दिवसापासून आजपर्यंत तो गोल कोठारातून हललेला नव्हता. भूगोलाच्या बाई पृथ्वी आता हातवारे करून शिकवत.

काका उठले, हात धुतले आणि जेवायला बसले. दोन घास जास्तच गेले.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत शेवटची बैठक होती. मोठ्या बाई होत्या, एका पायात नवा बूट आणि एका पायात जुना घातलेले सर होते, आणि संस्थेचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे भारदस्त माणूस; बोलण्याआधी घसा खाकरायचे आणि बोलून झाल्यावरही खाकरायचे. काका दारावर टकटक करून आत आले. हातात नवी कोरी वही. लाल पुठ्ठ्याची, आणि आत लाल शाईने आखलेली. त्यांनी ती टेबलावर अदबीने उघडून ठेवली आणि शेजारी लेखणी ठेवली.

मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय. काका म्हणाले, काही नाही बाई, जिन्याची वही. उद्या कुलूप काढायचंय, तर नियमाने नोंद हवी. त्यांनी एकेका रकान्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं. कुलूप काढण्यास सांगणाऱ्याचं नाव. किती माणसं चढणार. जिना इतक्या माणसांचं वजन पेलेल याची मी स्वतः खात्री केली आहे. तारीख. सही.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, एरवी ते कुणाला ऐकू येत नसे.

मोठ्या बाईंनी लेखणी उचलली, तिसरा रकाना पुन्हा वाचला आणि लेखणी सरांच्या दिशेने सरकवली. उपक्रम सरांचा आहे, त्यांच्या नावाने नोंद झाली तर श्रेयही त्यांना मिळेल, असं त्या म्हणाल्या. सरांनी लेखणी हातात घेतली. मग त्यांचं लक्ष आपल्या नव्या बुटाकडे गेलं. ते म्हणाले, मी तर नवखा माणूस. एवढ्या ऐतिहासिक नोंदीवर अध्यक्षांचीच सही शोभेल. लेखणी अध्यक्षांपुढे गेली. अध्यक्ष खाकरले. त्यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, चष्मा घरी राहिला, मला काही वाचता येत नाहीये.

काका अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, डोक्यावर आहे."

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आता वाचणं भाग होतं. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पाय जिन्यात अडकला तेव्हा सरांचा उतरला होता तसाच. त्या माणसाने भुताच्या जिन्यावर चहा प्यायचं हसत कबूल केलं होतं, पण त्या लाल रेघेपाशी त्याची लेखणी सातव्या पायरीवर थांबावी तशी थांबली. काका शेजारी हात बांधून उभे होते. मास्तर नेमणाऱ्या म्हाताऱ्याची त्यांना आठवण झाली. त्याने हे पाहायला हवं होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग ते गंभीरपणे म्हणाले, की हा जिना आपला वारसा आहे आणि वारशावर असं शेकडो लोकांनी पाय देणं बरं दिसत नाही. मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, अगदी माझ्या मनातलं बोललात. सर म्हणाले, खालूनच तो जास्त गूढ दिसतो. वही मिटली गेली. ती मिटण्याचा आवाज काकांना सुटीच्या घंटेसारखा गोड लागला.

भूतफेरी झाली, आणि फार छान झाली. दोनशे माणसं जाळीच्या दाराबाहेर माना उंच करून उभी राहिली. सातव्या पायरीवर खडू होता. त्यांच्यात मोठमोठे लोक होते, डॉक्टर होते, वकील होते, नातवंडं घेऊन आलेले होते. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी लहानपणी मास्तरांना प्रत्यक्ष पाहिलं होतं. एक म्हणाला उंच होते, एक म्हणाली बुटके होते, तिसऱ्याने त्यांच्या टोपीचा रंग सांगितला. काका दाराशी उभे राहून ऐकत होते. चेहरा पोरं आपापला करून घेतात, हे म्हाताऱ्याचं बोलणं किती खरं होतं ते त्यांना त्या दिवशी पुरतं पटलं. एका पोक्त वकीलबाईंनी काकांचा हात हातात घेतला आणि विचारलं, की आता तरी सांगा, ते खरंच आहेत ना. काकांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर नजर टाकली.

पण ती लाल वही टेबलावर राहिली होती. तिच्यावर काकांनी टाकलेली तारीख होती आणि सही पडलेली नव्हती. अशी वही नाकासमोर असली की अध्यक्षांना स्वस्थ बसवेना. उद्या काही झालं तर कोण म्हणेल आपल्याला माहीत नव्हतं? पंचेचाळीस अर्जांनी जे झालं नाही ते एका कोऱ्या रकान्याने केलं. आठवड्याच्या आत सुतार आला.

सुताराने जिना उलगडला तेव्हा सगळे बघायला जमले. पाचव्या पायरीखाली सरांचा बूट निघाला. सातवी पायरी उचलली तर आत पांढरं काही चमकलं. सुताराने हात घातला. खडू. मूठभर नव्हे, तीन टोपल्या खडू, तुकड्यांवर तुकडे, खालचे ओलीने पीठ झालेले. काका पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की हे मी टाकले आहेत, दर सोमवारी, बांबूने. बांबू आणूनही दाखवला.

सरांनी बांबू पाहिला, टोपल्या पाहिल्या, आणि काकांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. म्हणाले, काका, एवढे खडू कुणी बांबूने टाकतं का. शाळेच्या इतिहासात त्यांनी खडूंवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यात बांबूचा उल्लेख नाही.

काकांचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा जिना नवा झाला होता. नव्या लाकडाचा वास व्हरांडाभर दरवळत होता. चार्ज घ्यायला नवी बाई आली. आधी ती बसमध्ये कंडक्टर होती; आवाज खणखणीत, नजर चौफेर. काकांनी तिला एकेक किल्ली दिली. ही हट्टी आहे, हिला घाई चालत नाही. मग भुतं दिली. तिने हसून दाखवलं नाही की नवल केलं नाही. विजेच्या पेटीतल्या बाईला रात्रपाळी असते का, एवढंच विचारलं. काकांना ती आवडली.

"तीनच दिलीत," ती म्हणाली. "चार सांगत होतात."

चौथ्याची आता गरज नाही, काका म्हणाले. जिना भक्कम आहे. पण मास्तर कामावर आहेत तोवर पोरं चढणार नाहीत, आणि चांगला जिना वाया जाईल. तेव्हा त्यांना सोडवावं लागेल. हे त्यांनी सहज म्हटलं, पेटी उचलून ठेवू म्हणावं तसं, आणि जाळीचं दार उघडून ते चढायला लागले.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की चौतीस वर्षांत ते हा जिना चौथ्या पायरीपुढे कधी चढलेच नव्हते. पहिल्या चार पायऱ्या ठीक गेल्या. पाचवीवर त्यांनी पाय जपून टाकला. सहावीवर जुडगा मांडीवर आपटला नाही तेव्हा तो आता आपल्याकडे नाही हे त्यांना आठवलं. आणि सातव्या पायरीसमोर त्यांचे पाय थांबले.

लाकूड नवं होतं. फट बुजलेली होती. हे भूत कुणी नेमलं, कोण सांभाळत आलं, हे या जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी पाय उचलेना. मनोऱ्याच्या खिडकीतून उतरलेलं ऊन पायरीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात धूळ हळूहळू वर-खाली होत होती, जशी एखाद्या वर्गात फळा पुसल्यावर होते. आणि काकांना वाटलं, की कुणीतरी अगदी समजुतीच्या आवाजात विचारलं, कुठे निघालास.

काकांनी खिशात हात घातला. सवयीने ठेवलेला खडूचा तुकडा तिथे होता. ते वाकले आणि त्यांनी तो हाताने, पहिल्यांदाच हाताने, सातव्या पायरीवर ठेवला. तो सरकला नाही.

"घरी," ते म्हणाले.

थोडा वेळ ते थांबले. उत्तर चूक आहे असं कुणी म्हणालं नाही. मग त्यांनी पाय उचलला.

खालून नवी बाई ओरडली, काका, वर कोण आहे, कुणाशी बोलताय.

"काही नाही," काका वरून म्हणाले, "चार्ज देतोय."